प्लेटिंगला माल धाडण्याआधी: मशीन केलेल्या पार्टवर झिंक टिकवण्याची रीत

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा उद्यमनगर या औद्योगिक भागांतल्या शॉपमधून माल प्लेटिंगला जातो, परत येतो आणि असेंब्लीत आटा अडकतो. नाहीतर गोदामात पंधरा दिवसांत पांढरी बुरशी धरल्यासारखा दिसतो. मग फोन प्लेटरला जातो. पण प्लेटिंगच्या तक्रारींतल्या बऱ्याचशा आपल्याच गेटमधून मालाबरोबर बाहेर पडलेल्या असतात: मापात, तेलात, कास्टिंगच्या छिद्रांत आणि ड्रॉइंगवर न लिहिलेल्या ओळीत. टाकीत जे घडते ते महत्त्वाचे आहेच, तेही पुढे आहे. सुरुवात मात्र लेथपासून करायला हवी.

समजायला सोपे जावे म्हणून एकच पार्ट धरून चालू: ईएन ८ (मध्यम कार्बनचे पोलाद) ची पिन, व्यास २० मिमी, लांबी १०० मिमी, एका टोकाला एम १० (१० मिमी) चा आटा, झिंक प्लेटिंग (करंटने चढवलेला जस्ताचा थर) ८ ते १२ मायक्रॉन.

माप प्लेटिंगच्या आधीचे की नंतरचे?

ड्रॉइंगवर हे लिहिलेले नसेल तर पहिले काम म्हणजे ग्राहकाला विचारणे. जाडी एका बाजूची सांगतात, व्यासावर ती दुप्पट चढते. ८ ते १२ मायक्रॉन म्हणजे पिनचा व्यास १६ ते २४ मायक्रॉनने वाढणार. प्लेटिंगनंतर २० एच ६ (लहान एच; मापातल्या मुभेचा, म्हणजे टॉलरन्सचा दर्जा) हवे असेल, म्हणजे २०.००० ते १९.९८७, तर हिशोब असा बसतो: वरच्या मर्यादेतून २४ मायक्रॉन वजा, खालच्या मर्यादेतून १६ वजा. प्लेटिंगआधीचे माप १९.९७६ ते १९.९७१. तेरा मायक्रॉनच्या टॉलरन्समधले आठ प्लेटिंगच्या चढउताराने खाल्ले, ग्राइंडरला उरले पाच. एवढ्यात लॉट काढता येतो, पण व्हील ड्रेसिंग करता करता ऑपरेटर वैतागतो आणि रिजेक्शन वाढते ते वेगळेच.

तीच पिन सैल बसली तरी चालण्यासारखी असेल तर एफ ७ मागून घ्यावे. १९.९८० ते १९.९५९ या मर्यादेतून तसाच हिशोब केला की प्लेटिंगआधी १९.९५६ ते १९.९४३, म्हणजे हाताशी १३ मायक्रॉन येतात. ग्राहकाच्या डिझायनरशी दहा मिनिटे बोलून हे मिळत असेल तर बोलावे. बऱ्याचदा एच ६ जुन्या ड्रॉइंगवरून तसेच उतरलेले असते आणि ते खरोखर कुणालाच नको असते.

बेअरिंग बसण्याची जागा असेल तर तिथे झिंक नकोच. झिंक मऊ असते, प्रेस करताना सोलून निघते आणि त्याची भुकटी बेअरिंगमध्ये जाते. ती जागा मास्क करायची: सरळ व्यासावर प्लेटिंगची पीव्हीसी टेप, भोकात सिलिकॉनचे बूच, किचकट जागी लॅकर. टेपचा जोड एकावर एक किमान पाच मिमी चढवावा आणि कड नखाने दाबून बसवावी. कडेखाली ॲसिड शिरले की तिथे काळी रेघ येते आणि ती पॉलिश करून जात नाही.

आट्याचे गणित, म्हणजे निम्मी भांडणे

साध्या व्यासावर जाडी दुप्पट चढते, आट्याच्या पिच डायमीटरवर (आट्याच्या उंचीच्या मधोमध धरलेला व्यास) चौपट. कारण ६० अंशांच्या आट्याची बाजू तिरकी असते. बाजूवर काटकोनात बसलेला एक मायक्रॉन त्रिज्येच्या दिशेने दोन मायक्रॉन होतो, आणि दोन्ही बाजू धरल्या की चार.

६जी (लहान जी) या बाहेरच्या आट्यांच्या नेहमीच्या टॉलरन्समध्ये आटा मूळ मापापेक्षा थोडा बारीकच असतो. ही मोकळी जागा एम ६ ला २६ मायक्रॉन, एम ८ ला २८, एम १० ला ३२, एम १२ ला ३४ आणि एम १६ ला ३८ मायक्रॉन असते (सर्व नेहमीच्या मोठ्या पिचचे आटे). चाराने भागले की किती प्लेटिंग मावते ते कळते: एम ६ मध्ये साडेसहा मायक्रॉन, एम १० मध्ये आठ. आपल्या पिनला ८ ते १२ मायक्रॉन सांगितलेत, म्हणजे आटा ६जीच्या वरच्या मर्यादेवर कापला असेल तर तो अडकणार हे टाकीत उतरण्याआधीच ठरलेले आहे. त्यात करंट टोकांकडे आणि कडांकडे जास्त धावतो. पिनच्या मध्यावर आठ मायक्रॉन मोजले तेव्हा पहिल्या दोन आट्यांवर बारा-चौदा सहज असतात. रिंग गेज (आटा तपासायची कडी) बरोबर तिथेच थांबतो.

उपाय तीन. पहिला आणि सगळ्यात स्वस्त: सीएनसीवर थ्रेडिंगचा ऑफसेट बदलून आटा ६जीच्या खालच्या बाजूला ठेवणे आणि तोंडाला ४५ अंशांचा चॅम्फर आट्याच्या मुळाच्या व्यासापर्यंत नेणे. दुसरा: जाड कोटिंग हवेच असेल तर ६ई मागणे. एम १० ला ६ईमध्ये ६७ मायक्रॉनची मोकळीक मिळते, म्हणजे सोळा मायक्रॉनपर्यंत प्लेटिंग मावते. तिसरा: कोटिंग कमी करणे. फक्त आट्याच्या सोयीसाठी पाच मायक्रॉनवर यायचे का, हे पार्ट कुठे बसणार त्यावर ठरवावे.

गेजचा घोळ तर जवळजवळ रोजचा आहे. प्लेटिंगआधी आटा ६जीच्या गो गेजने (जो आट्यावर पूर्ण फिरायलाच हवा) तपासायचा, पण प्लेटिंगनंतर त्याच गेजने तपासणे चूक आहे. प्लेटिंगसाठी ठेवलेली मोकळी जागा प्लेटिंगने भरली, हेच तर अपेक्षित होते. प्लेट केलेला आटा मूळ मापाच्या बाहेर गेला नाही ना, एवढेच पाहायचे आणि त्यासाठी ६एचचा (लहान एच) गो रिंग गेज लागतो. हा एक गेज शॉपमध्ये नसल्यामुळे चांगले लॉट परत जातात.

आतल्या आट्यांना, म्हणजे नट किंवा टॅप केलेल्या भोकांना, नेहमीच्या मोठ्या एचच्या टॉलरन्समध्ये मोकळीक शून्य असते. तिथे ६ मोठ्या जीचा टॅप वापरावा. प्लेटिंगनंतर पुन्हा टॅप फिरवला तर आटा चालू होतो, पण तिथले झिंक निघून जाते. तेल लावून बोल्ट कायमचा बसणार असेल तर चालते, उघड्यावर राहणार असेल तर नाही. आणि बंद भोकात झिंक तळापर्यंत पोहोचतच नाही. भोकाच्या व्यासाइतक्या खोलीनंतर जाडी झपाट्याने उतरते, हे ग्राहकाला आधी सांगून ठेवावे.

ड्रॉइंगवर आणि चलनावर

“झिंक प्लेटिंग करणे” एवढे लिहून माल धाडला की प्लेटर त्याला परवडेल ते करणार, आणि त्यात त्याची चूक नाही. निदान एवढे लिहावे: झिंक प्लेटिंग आयएस १५७३ प्रमाणे, ठरावीक पृष्ठभागावर किमान ८ मायक्रॉन, ट्रायव्हॅलंट पॅसिव्हेशन (झिंक राखणारा क्रोमियमचा रासायनिक थर; निळे की पिवळे ते), मापे प्लेटिंगनंतरची, मटेरियल आणि हार्डनेस, बेकिंग (हायड्रोजन काढण्यासाठी ओव्हनमध्ये तापवणे) हवे की नको, कुठे मोजायचे आणि कुठे जिगचा (पार्ट टाकीत टांगायच्या सांगाड्याचा) डाग चालेल. निर्यातीचा किंवा वाहनाचा माल असेल तर जुने हेक्साव्हॅलंट (विषारी क्रोमियमचे) पिवळे चालत नाही. रंगावरून ते ओळखू येईल असे धरू नये, कारण ट्रायव्हॅलंटवर पिवळा डाय टाकूनही तोच रंग आणता येतो. लेखीच मागावे.

दराबद्दल एक गोष्ट. आपल्याकडे जॉबवर्क बहुतेक किलोवर चालते, आणि झिंक बसते क्षेत्रफळावर. आपल्या पिनचे वजन सुमारे २४७ ग्रॅम आणि क्षेत्रफळ ०.६९ चौरस डेसिमीटर, म्हणजे किलोला २.८ चौरस डेसिमीटर. तेच दोन मिमी जाडीच्या पत्र्याच्या वॉशरचे किलोला जवळजवळ १३ चौरस डेसिमीटर होतात. साडेचारपट जागेवर त्याच दरात त्याच जाडीचे झिंक कुणी चढवणार नाही. बारीक मालाला किलोचा दर घासून घेतला की मायक्रॉनमध्ये तो वसूल होतो.

मशीनवरून टाकीपर्यंत

टाकीत उतरणारा पार्ट कसा असावा? बर (कापताना कडेला उरलेला धारदार कीस) नसलेला. बरच्या टोकावर करंट एकवटतो, तिथे झिंक जळून काळे, खडबडीत होते आणि नंतर बर तुटला की उघडे लोखंड राहते. बंद पोकळी असलेल्या वेल्डेड पार्टला किमान दोन भोके हवीत, एक वर, एक खाली. नाहीतर आत अडकलेले ॲसिड महिनाभर पाझरत राहते. पत्र्याच्या दुमडीत आणि स्पॉट वेल्डच्या फटीतही हेच होते.

कुलंट हा छुपा शत्रू आहे. पाण्यात मिसळणारा कुलंट पार्टवर वाळला की त्याचा चिकट थर होतो आणि तो साध्या डिग्रीसिंगला दाद देत नाही. मशीनवरून निघालेला पार्ट त्याच पाळीत धुऊन, वाळवून, पाणी हटवणाऱ्या पातळ रस्ट प्रिव्हेंटिव्ह तेलात बुडवावा. जाड, मेणासारखे तेल प्लेटिंगला जाणाऱ्या मालाला नको. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात हवा इतकी दमट असते की दुपारी उघडा ठेवलेला मिल्ड पृष्ठभाग सकाळी तांबूस दिसतो, आणि हाताळलेल्या जागी बोटांचे ठसे जसेच्या तसे गंजतात. हा गंज ॲसिडमध्ये निघतो, पण त्याखाली बारीक खड्डे राहतात आणि चकचकीत झिंकखाली ते अधिकच उठून दिसतात.

टाक्यांची रांग

प्लेटर काय करतो हे माल देणाऱ्याला ठाऊक असावे, म्हणजे शेडमध्ये गेल्यावर काय पाहायचे ते कळते.

पहिली टाकी गरम अल्कलीची: ६० ते ७० अंश, पाच ते दहा मिनिटे. त्यानंतर इलेक्ट्रो क्लीनिंग, पार्ट पॉझिटिव्हला जोडून एक-दोन मिनिटे. निगेटिव्हला जोडूनही सफाई होते आणि जोरात होते, पण पार्टवर हायड्रोजन सुटतो, म्हणून कडक पार्टला ती रीत टाळायची. मग धुणे. इथेच सगळ्यात सोपी आणि सगळ्यात दुर्लक्षित चाचणी करायची: पार्ट पाण्यातून उचलून तीस सेकंद धरायचा. पाण्याचा पडदा अखंड राहिला तर पार्ट स्वच्छ. कुठे पाणी फाटून थेंब झाले तर तिथे तेल आहे आणि तिथले झिंक पुढे सुटणार. नवा थिनर, महागडे केमिकल, काही लागत नाही. तीस सेकंद लागतात.

त्यानंतर पिकलिंग. बाजारातले हायड्रोक्लोरिक ॲसिड तेवढ्याच पाण्यात मिसळून, इनहिबिटर (लोखंड खाल्ले जाऊ नये म्हणूनचे रसायन) घालून, एक ते पाच मिनिटे. नुसत्या मशीन केलेल्या, गंज नसलेल्या पार्टला मिनिटभर पुरे. मिसळताना ॲसिड पाण्यात घालायचे, पाणी ॲसिडमध्ये नाही. पुन्हा दोन वेगळ्या टाक्यांत धुणे, आणि मग झिंकची टाकी.

कोल्हापूरसारख्या कास्टिंगच्या गावात ॲसिड क्लोराइड बाथ (टाकीतले द्रावण) जास्त कामाचा: पीएच ५ ते ५.५, तापमान २५ ते ३५ अंश, चमक चांगली, करंटचा उपयोग ९५ टक्क्यांच्या आसपास. सायनाइड नसलेला अल्कली बाथ हळू चढतो, पण कडा आणि मध्य यांतला फरक कमी ठेवतो. आट्याच्या आणि आतल्या कोपऱ्यांच्या पार्टला तोच मागावा. एप्रिल-मेमध्ये चिलर नसलेला क्लोराइड बाथ तापतो, त्यातला ब्राइटनर (चमक आणणारे रसायन) वेगळा होऊन बाथ गढूळ दिसू लागतो आणि झिंकवर मळकट पट्टे येतात. उन्हाळ्यात माल निस्तेज येऊ लागला की आधी थर्मामीटर मागावा.

झिंकनंतर धुणे, अर्धा ते एक टक्का नायट्रिकमध्ये पाच-दहा सेकंद, पुन्हा धुणे, मग पॅसिव्हेशन: पीएच २ च्या जवळपास, ३० ते ६० सेकंद, केमिकल पुरवणाऱ्याच्या पत्रकाप्रमाणे. शेवटी धुऊन ६० ते ७० अंशांच्या गरम हवेने वाळवणे. पॅसिव्हेशन काळपट, धुरकट येत असेल तर बहुधा झिंकच्या बाथमध्ये लोह मिसळले आहे. जिगवरून सुटलेले पार्ट टाकीच्या तळाशी पडून विरघळत असतात. चुंबक फिरवून ते काढणे, थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड घालून लोहाचा साका करणे आणि फिल्टर करणे हा त्यावरचा इलाज.

करंटचा हिशोब

एका चौरस डेसिमीटरला एक अँपिअर करंट, शंभर टक्के उपयोग धरला तर मिनिटाला ०.२८५ मायक्रॉन झिंक बसते. दोन अँपिअर आणि ९५ टक्के धरले तर मिनिटाला ०.५४ मायक्रॉन. म्हणजे आठ मायक्रॉनना पंधरा मिनिटे.

आपल्या पिनचे क्षेत्रफळ ०.६९ चौरस डेसिमीटर. एका जिगवर ४० पिना लावल्या तर २७.६, आणि करंट हवा ५५ अँपिअर. रेक्टिफायरचा (टाकीला करंट पुरवणारे यंत्र) काटा तीसवर आणि जिग दहा मिनिटांत बाहेर दिसला तर जाडी मोजायचीही गरज नाही: तीन मायक्रॉनच्या आत आहे. जिगचे स्वतःचे उघडे टोकही करंट खाते, म्हणून जिगला प्लास्टिकचा लेप शाबूत हवा आणि टोकांवर जुन्या झिंकचे गठ्ठे नकोत.

बॅरलमध्ये (सुटा माल भरून फिरवायचे पिंप) चौरस डेसिमीटरला करंट अर्ध्या ते एक अँपिअरच्या दरम्यान असतो, वेळ तितकाच जास्त. शंभर ग्रॅमच्या वरचे आणि धारदार आट्यांचे पार्ट बॅरलमध्ये टाकले की एकमेकांवर आपटून आट्याची टोके चेपतात. दर कमी म्हणून ते बॅरलला देऊ नयेत.

कास्टिंग: इथे घाई नको

कोल्हापूरची निम्मी डोकेदुखी इथे आहे, म्हणून थोडे थांबून.

ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या ओतीव लोखंडांमध्ये ग्रॅफाइट असते. ॲसिडमध्ये लोखंड विरघळते, ग्रॅफाइट विरघळत नाही. म्हणून कास्टिंग जितके जास्त पिकल कराल तितके ते काळे होत जाते. बोटाला काजळी लागते, आणि काजळीवर झिंक धरत नाही. शिवाय ग्रॅफाइटवर हायड्रोजन सहज सुटतो. करंट झिंक बसवण्याऐवजी बुडबुडे काढण्यात जातो. अल्कली बाथमध्ये तर कास्टिंग अर्धा तास ठेवूनही खळगे काळेच राहतात.

रीत अशी: कास्टिंग शॉट ब्लास्ट करून, शक्यतो त्याच दिवशी प्लेटिंगला. मोल्डिंगची चिकटलेली वाळू ॲसिडने निघत नाही, ब्लास्टनेच निघते. अल्कली सफाईनंतर ॲसिडमध्ये फक्त काही सेकंद बुडवून काढणे, काजळी आलीच तर ब्रशने पुसणे, आणि थेट क्लोराइड बाथमध्ये. पहिली एक-दोन मिनिटे नेहमीच्या दुप्पट करंट देऊन सगळ्या पृष्ठभागावर झिंकचा पातळ पापुद्रा चढवायचा, मग करंट खाली आणायचा. एकदा झिंक पसरले की पुढचे झिंक झिंकवर बसते आणि ग्रॅफाइटचा संबंध संपतो.

दुसरी आणि जास्त त्रासदायक गोष्ट सच्छिद्रता. कास्टिंगची वरची कातडी घट्ट असते. मशीनिंगने ती काढली की आतली बारीक छिद्रे उघडी पडतात. टाकीत त्यांत ॲसिड आणि बाथचे पाणी शिरते. माल चकचकीत येतो, तपासणीत पास होतो, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी फ्लँजच्या मशीन केलेल्या तोंडावर मिठाच्या कणासारखा पांढरा ठिपका उगवतो. पुसला की खाली टाचणीच्या टोकाएवढे काळे भोक दिसते, आणि दोन दिवसांनी ठिपका पुन्हा हजर. हे पॅसिव्हेशन खराब असल्याचे लक्षण नाही. आतले क्षार बाहेर येत आहेत.

कमी करण्यासाठी प्लेटिंगनंतर गरम आणि थंड पाण्यात आळीपाळीने तीन-चार वेळा धुवावे. गरमात छिद्रातली हवा फुगून बाहेर येते, थंडात स्वच्छ पाणी आत ओढले जाते. पुरता बंदोबस्त हवा असेल तर मशीनिंगनंतर, प्लेटिंगआधी, रेझिन इम्प्रेग्नेशन करून छिद्रे बुजवावी लागतात. आणि कास्टिंगला झिंक हवेच का, हा प्रश्नही विचारावा. पंप बॉडी किंवा ब्रॅकेट रंगवलाच जाणार असेल तर झिंक फॉस्फेट आणि त्यावर पेंट हा जास्त शहाणा रस्ता आहे.

कडक पार्ट आणि हायड्रोजन

पिकलिंगमध्ये आणि प्लेटिंगमध्ये हायड्रोजन तयार होतो आणि थोडा पोलादात शिरतो. मऊ पोलादाला फरक पडत नाही. कडक पोलाद मात्र भार लागल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी, कुठलीही सूचना न देता, कडकन तुटते. स्प्रिंग वॉशर, सर्क्लिप, केस हार्ड पिना (वरचा थर कडक केलेल्या), १२.९ या अतिमजबूत ग्रेडचे बोल्ट यांत हा धोका खरा आहे. धोकादायक कारण तपासणीत पार्ट ठणठणीत दिसतो.

ताणशक्ती १००० मेगापास्कलच्या वर, म्हणजे कडकपणा साधारण ३१ एचआरसीच्या (रॉकवेल सी) वर गेली की सावध व्हावे. बेकिंग १९० ते २२० अंशांना, प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत सुरू, किमान आठ तास. पोलाद जितके कडक तितके जास्त तास, अगदी कडक पार्टला बावीस तासांपर्यंत. आणि बेकिंग पॅसिव्हेशनच्या आधी. बेकिंगच्या तापमानाला नेहमीचा पॅसिव्हेशनचा थर तडकतो आणि निकामी होतो. प्लेटरकडे ओव्हन आहे का, शेडमध्ये आहे की दुसऱ्या गावात, हे पाहूनच असा माल द्यावा. केस हार्ड पिन २०० अंशांना थोडी मऊ होऊ शकते. टेम्परिंग त्याहून कमी तापमानाला केलेले असेल तर हीट ट्रीटमेंटवाल्याशी आधी बोलावे.

१२.९ च्या बोल्टला आमचे मत सरळ आहे: इलेक्ट्रोप्लेटिंग करू नये, झिंक फ्लेक कोटिंग घ्यावे. त्यात करंट नसतो आणि सफाई ब्लास्टने होते.

खराब झालेले झिंक १० ते १५ टक्के हायड्रोक्लोरिकमध्ये काढता येते. फेस थांबला की लगेच बाहेर काढावे. पण कडक पार्टला हा हायड्रोजनचा दुसरा डोस असतो. त्यामुळे पुन्हा प्लेटिंग एकदाच, आणि बेकिंगसह.

माल परत आल्यावर

जाडी चुंबकीय गेजने मोजावी. गेजचा शून्य त्याच पार्टच्या प्लेट न केलेल्या नगावर लावावा, सोबत आलेल्या सपाट चकतीवर नाही. वीस मिमीच्या गोलाईवर आणि कास्टिंगच्या खरबरीतपणावर आकडा फसवतो. एका जागी तीन वाचने घेऊन सरासरी धरावी.

झिंकची पकड पाहायला एक नग १५० अंशांना अर्धा तास तापवून थंड पाण्यात टाकावा. फोड आले तर सफाई कच्ची होती. निळे पॅसिव्हेशन डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून पाच टक्के लेड ॲसिटेटचा एक थेंब ठेवावा: पॅसिव्हेशन नसेल तर डाग लगोलग काळा पडतो, असेल तर थांबतो. शिसे विषारी आहे. हातमोजे घालावेत आणि तो नग मालात परत टाकू नये.

सॉल्ट स्प्रेचे (मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात गंज तपासणे) तास मागताना दोन आकडे वेगळे लिहावेत: पांढरा गंज येईपर्यंत आणि लाल गंज येईपर्यंत. पहिला पॅसिव्हेशनची परीक्षा घेतो, दुसरा झिंकच्या जाडीची. पाच टक्के मीठ आणि ३५ अंश, ही चाचणी एका लॉटची दुसऱ्याशी तुलना करायला चांगली. चेंबरमधल्या तासांवरून शेतात किती वर्षे टिकेल ते काढू नये.

जिथे झिंक नको

झिंक साधारण पीएच ६ ते १२ मध्ये तग धरते. उसाचा रस आंबट असतो, पीएच पाच-साडेपाचच्या आसपास. म्हणून साखर कारखान्यातल्या रसाच्या बाजूच्या पिना, घाण्याचे किंवा गुऱ्हाळातले रस लागणारे भाग झिंक करून देऊ नयेत. महिन्यात झिंक धुऊन जाते, आणि ते जाते रसात. तिथे स्टेनलेस घ्यावे.

सरकणाऱ्या, घासणाऱ्या रॉडला हार्ड क्रोम: २० ते ५० मायक्रॉन, कडकपणा ८०० ते १००० व्हिकर्स. कडांना जास्त चढते, म्हणून ग्राइंडिंगचे माप आधीच धरावे लागते. आतल्या आट्यांचे, आडव्या भोकांचे, माप कडक असलेले पार्ट असतील तर इलेक्ट्रोलेस निकेल. करंट नसल्याने सगळीकडे सारखे बसते, तासाला दहा ते वीस मायक्रॉन, आणि दर बघून ग्राहक दोनदा विचार करतो. गिअर आणि पिस्टनसारख्या तेलात चालणाऱ्या भागांना मँगनीज फॉस्फेट.

टूलरूमच्या मालाला, फिक्श्चरला, क्लॅम्पला ब्लॅकोडायझिंग पुरते. कॉस्टिकच्या उकळत्या बाथमध्ये १३८ ते १४५ अंशांना वीस-तीस मिनिटे. थर जेमतेम मायक्रॉनभर, त्यामुळे माप जवळजवळ बदलत नाही. गंजापासून राखण तेल करते, काळेपणा नाही. बाथ जास्त तापला तर तपकिरी-लाल भुकटी येते. उकळत्या बाथमध्ये पाणी धसकन ओतले तर बाथ तोफेसारखा उडतो. पाणी बारीक धारेने, लांब दांड्याच्या भांड्याने, चष्मा घालून. आणि अशी छोटी टाकीसुद्धा शॉपच्या कोपऱ्यात मांडण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि सांडपाण्याची सोय लागते. नाल्यात सोडलेले कॉस्टिक शेवटी पंचगंगेतच जाते.

पावसाळ्यातले पॅकिंग

पांढरा गंज बहुतेक वेळा टाकीत होत नाही, पिशवीत होतो. पॅसिव्हेशननंतर पार्ट भोकांत ओला राहिला, गरम गरमच प्लास्टिकमध्ये बांधला, टेम्पोतून रात्री ताडपत्रीखाली आला, की आत घाम धरतो. हवा न मिळणाऱ्या ओल्या झिंकवर पांढरा थर चढतो. म्हणून भोकांत कॉम्प्रेस्ड हवा मारून, पूर्ण थंड झाल्यावर, व्हीसीआय (गंज रोखणारी वाफ सोडणाऱ्या) पिशवीत भरावे. लोखंडासाठीची व्हीसीआय आणि झिंकला चालणारी व्हीसीआय वेगळ्या असतात, विकत घेताना विचारावे. ओला पुठ्ठा आंबट असतो, तो पार्टला थेट लागू देऊ नये. पॅसिव्हेशनला पक्के व्हायला दिवसभर द्यावा. ताज्या मालावर बोटांनी घासून रंग निघतो की नाही हे पाहणारे तपासनीस चांगला माल नापास करतात.

हलका पांढरा गंज नायलॉनच्या ब्रशने कोरडाच निघतो आणि त्यावर पातळ तेल लावून माल वापरता येतो. खाली काळा डाग दिसला तर झिंकही गेले आहे, तो नग बाजूला काढावा. दर लॉटचे दोन नग तारखेची चिठ्ठी बांधून, पिशवीत न घालता, स्टोअरच्या खिडकीजवळ टांगून ठेवावेत. ग्राहकाचा फोन सप्टेंबरात आला तर चलनापेक्षा ते जास्त सांगतात.